चौकोनी ब्राउनी, गोल उत्तर

विद्यार्थ्यांना घालायच्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा परीक्षेच्या अंगाने. प्रश्न सोपा होता की अवघड, अभ्यासक्रमातला होता की बाहेरचा, त्याला गुण किती, एवढेच आपण पाहतो. पण प्रश्न हेही एक लेखन असते. त्यात कुणीतरी जगाचा एक तुकडा निवडलेला असतो, त्यातले काही ठेवलेले असते, काही वगळलेले असते, आणि उत्तर देणाऱ्याने कुठे पाहावे हेही न बोलता सुचवलेले असते. कथा-कादंबरीची समीक्षा होते तशी प्रश्नाचीही व्हायला हवी असे आम्हांला वाटते. वाईट प्रश्नाची समीक्षा करण्यात फारसे हशील नाही. म्हणून या लेखासाठी आम्ही एक चांगला, गाजलेला आणि चवदार प्रश्न निवडला आहे.

प्रश्न असा आहे

अमेरिकेतील 'कोमॅप' ही संस्था १९८५ पासून दरवर्षी पदवी स्तरावरच्या विद्यार्थ्यांसाठी गणिती प्रतिमाने रचण्याची स्पर्धा घेते. तिघातिघांचे गट असतात. हाती जेमतेम चार दिवस असतात. पुस्तके, संगणक सारे वापरायची मुभा असते, फक्त गटाबाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नसते. २०१३ सालच्या स्पर्धेत एक प्रश्न होता केकच्या भांड्याचा. नाव होते 'द अल्टिमेट ब्राउनी पॅन'. ब्राउनी म्हणजे चॉकलेटचा घट्टसर, चपटा केक. तो आयताकृती भांड्यात भाजतात आणि बर्फीसारख्या वड्या पाडून खातात.

प्रश्नाचा सारांश आमच्या शब्दांत असा. चौकोनी भांड्यात उष्णता चार कोपऱ्यांत एकवटते आणि तिथला केक जास्त भाजला जातो, कडांनाही थोडे तसेच होते. गोल भांड्यात उष्णता सगळ्या कडेवर सारखी वाटली जाते, म्हणून तिथे कड जादा भाजत नाही. मात्र ओव्हन चौकोनी असतो, त्यामुळे गोल भांडी ठेवली की जागा वाया जाते. तेव्हा चौकोनापासून वर्तुळापर्यंतच्या निरनिराळ्या आकारांच्या भांड्यांसाठी बाहेरच्या कडेवर उष्णता कशी वाटली जाते याचे प्रतिमान मांडा. प्रत्येक भांड्याचे क्षेत्रफळ सारखे धरा. मग जास्तीत जास्त भांडी मावतील असा आकार शोधा, उष्णतेची वाटणी जास्तीत जास्त सारखी होईल असा आकार शोधा, आणि शेवटी या दोन उद्दिष्टांना कमीअधिक वजन देऊन दोन्हींचा मेळ घालणारा आकार शोधा. याखेरीज एका पाककला मासिकासाठी आपल्या भांड्याची पान-दोन पानांची जाहिरातही लिहा.

प्रश्नाचे गुण

आधी गुण सांगू. हा प्रश्न स्वयंपाकघरातून उचललेला आहे आणि ज्याने कधी केक खाल्ला आहे त्याला तो कळतो. त्यात दोन इच्छा परस्परांच्या आड येतात, आणि खऱ्या जगात हेच तर घडते. त्याला एकच एक बरोबर उत्तर नाही, त्यामुळे मागच्या पानावर उत्तर पाहून तो सुटत नाही. आणि जाहिरात लिहायला सांगणे ही तर उत्तम युक्ती. आपण काढलेला निष्कर्ष गणित न येणाऱ्या माणसाला सांगता आला पाहिजे, हा धडा आपल्या प्रयोगवह्यांतून कधी मिळत नाही.

भूमितीही त्यात भरपूर आहे, आणि ती शाळेतल्या मुलांना झेपणारी आहे. ४०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ घ्या. चौरसाची बाजू २० सेंटिमीटर आणि परिमिती ८०. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ११.३ आणि परिघ सुमारे ७१. मधे षट्कोन घेतला तर परिमिती सुमारे ७४ येते. षट्कोन एकमेकांना चिकटून जागा न सोडता बसतात, आणि त्यांचे कोपरे चौरसाइतके टोकदार नसतात. मधमाशीच्या पोळ्याची आठवण होऊन उत्तर सापडल्यासारखे वाटते. सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे पाडायचे झाल्यास एकूण कडा सर्वांत कमी षट्कोनांतच लागतात, हे टॉमस हेल्स यांनी १९९९ साली सिद्धही केले आहे. पण ती सिद्धता अमर्याद प्रतलाची आहे आणि ओव्हनला भिंती असतात. भिंतीशी षट्कोन नीट बसत नाहीत आणि जागा वाया जाते. मुलांना इतका विचार करायला लावणारा प्रश्न चांगलाच म्हणायचा.

पण इथवर आपण केवळ भूमिती करत आहोत. केक अजून ओव्हनमध्ये गेलेला नाही.

उष्णता 'एकवटते' का?

आमचा पहिला आक्षेप प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यावर आहे. उष्णता कोपऱ्यांत एकवटते म्हणजे काय? वाचणाऱ्याला वाटेल, उतारावरचे पाणी खळग्यात साचते तशी उष्णता भांड्यातून वाहत वाहत कोपऱ्यात जाऊन बसते. तसे काही घडत नाही. कोपऱ्यात उष्णता जमा होत नाही. तिथे केकच्या थोड्या मिश्रणाला अनेक बाजूंनी उष्णता मिळते, इतकेच.

हे दिशा मोजून मुलांना सहज दाखवता येते. चार सेंटिमीटर जाडीचा केक घ्या आणि त्याचे चार सेंटिमीटर बाजूचे ठोकळे कल्पा. मधल्या ठोकळ्याला उष्णता मिळते खालून आणि वरून, म्हणजे दोन दिशांनी. कडेच्या ठोकळ्याला आणखी एक भिंत मिळते, म्हणजे तीन दिशा. कोपऱ्यातल्या ठोकळ्याला दोन भिंती, म्हणजे चार दिशा. आत शिरणारी उष्णता वाढली, तापवायचे मिश्रण तेवढेच राहिले, की तो तुकडा लवकर तापणार. 'एकवटते' या एका शब्दाने हे साधे कारण झाकले जाते, आणि मुले कारण शोधण्याऐवजी जे सांगितले ते गृहीत धरून समीकरणे मांडू लागतात. प्रश्नात निरीक्षण द्यावे, त्याचा अर्थ लावून देऊ नये. 'चौकोनी भांड्यातल्या ब्राउनीचे कोपरे कडक होतात' एवढेच लिहिले असते तर 'का?' हा प्रश्न विद्यार्थ्यांसाठी शिल्लक राहिला असता.

कडेवर सारखे म्हणजे आत सारखे नव्हे

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. प्रश्न मोजायला सांगतो ती गोष्ट म्हणजे बाहेरच्या कडेवरची उष्णतेची वाटणी. आता वर्तुळाच्या कडेवरचा कुठलाही बिंदू दुसऱ्या कुठल्याही बिंदूसारखाच असतो. त्यामुळे सगळीकडून सारख्या तापलेल्या ओव्हनमध्ये गोल भांड्याला या कसोटीवर पैकीच्या पैकी गुण मिळणार, आणि त्यासाठी काही गणित करायचीही गरज नाही. एक मीटर व्यासाचे आणि अर्धा मीटर खोल भांडे आणले तरी त्यालाही पैकीच्या पैकीच! मग त्याची कड कोळसा झालेली असो आणि मधे कच्चे मिश्रण डुचमळत असो.

गोल भांड्याची कड जादा भाजत नाही हे विधानही अनुभवाला धरून नाही. गोल भांड्यातला केकही कडेला आधी बसतो, मधे उशिरा. कड बसल्यावर मधले मिश्रण फुगत राहते, म्हणून केकचा घुमट होतो आणि कधी तो तडकतो. हे टाळण्यासाठी गोल भांड्याभोवतीही ओल्या कापडाची पट्टी गुंडाळतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते, त्यामुळे कापड ओले आहे तोवर भिंतीचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. गोल कड मुळात जादा भाजतच नसती, तर ही पट्टी कशाला लागली असती?

खरा फरक कडेच्या एका बिंदूत आणि दुसऱ्यात नसून कडेत आणि मधल्या भागात आहे. यासाठी 'बंट' नावाच्या भांड्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मध्य युरोपात मधे नळकांडे असलेले, पन्हाळ्या-पन्हाळ्यांचे केकचे साचे फार पूर्वीपासून आहेत. अमेरिकेत मिनिॲपोलिस येथील हदासा या ज्यू महिला संघटनेच्या सभासदांनी अशा भांड्याची मागणी केली, आणि 'नॉर्डिक वेअर' कंपनीच्या डेव्हिड डालक्विस्ट यांनी १९५० साली ते ओतीव ॲल्युमिनियममध्ये घडवले. १९६६ साली पिल्सबरी कंपनीच्या पाककला स्पर्धेत या भांड्यात भाजलेल्या 'टनेल ऑफ फज' या केकला दुसरे बक्षीस मिळाले आणि भांडे घरोघरी पोचले.

आता हिशोब करू. मधे ३ सेंटिमीटर त्रिज्येचे भोक असलेले कडे घेतले आणि क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटरच ठेवले, तर बाहेरची त्रिज्या सुमारे ११.७ येते. आतली आणि बाहेरची कड मिळून लांबी होते सुमारे ९२ सेंटिमीटर. चौरसापेक्षाही जास्त! कड जास्त म्हणजे केक वाईट असे असते तर हे भांडे सर्वांत वाईट ठरले असते. पण भिंतीपासून सर्वांत दूरच्या मिश्रणाचे अंतर पाहा. वर्तुळात ते ११.३ सेंटिमीटर, चौरसात १०, आणि कड्यात अवघे ४.३. खोल केक एकसारखा भाजायचा तर कड कमी करून भागत नाही, उलट मधल्या भागाजवळ कड न्यावी लागते. मेदूवड्याला भोक पाडणाऱ्यांना हे कुणी वेगळे शिकवलेले नाही.

बाहेरच्या कडेकडे पाहायला सांगणाऱ्या प्रश्नातून हे उत्तर सहजी निघत नाही. 'चौकोनापासून वर्तुळापर्यंतचे आकार' म्हटल्यावर भोक असलेला आकार कुणाच्या मनात येणार?

जाडी कुठे गेली?

तिसरा आक्षेप असा की, प्रश्नात क्षेत्रफळ आहे पण जाडी नाही. केक कागदावर काढलेली आकृती होऊन बसला आहे. आणि वेगळ्या आकाराच्या भांड्यांचे मर्म तर जाडीतच आहे.

वाढदिवसासाठी अस्वलाच्या, चांदणीच्या, मोटारीच्या किंवा आकड्याच्या आकाराचे साचे मिळतात. त्यांत नेहमीची तक्रार एकच. अस्वलाचे कान आणि हात करपतात, तेव्हा पोट अजून कच्चट असते. किती फरक पडतो ते ढोबळपणे काढता येते. एखादी वस्तू आतपर्यंत तापायला लागणारा वेळ तिच्या अर्ध्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. वेगाच्या भाषेत सांगायचे तर वेग हा १ भागिले अर्ध्या जाडीचा वर्ग या प्रमाणात असतो, आणि दोन दिशांनी उष्णता येत असेल तर दोन्ही वेगांची बेरीज करायची.

अस्वलाचा हात ४ सेंटिमीटर रुंद आणि पोट १६ सेंटिमीटर रुंद धरू. केकची जाडी ५ सेंटिमीटर. हाताचा वेग : रुंदीमुळे १ भागिले ४, म्हणजे ०.२५, जाडीमुळे १ भागिले ६.२५, म्हणजे ०.१६, एकूण ०.४१. पोटाचा वेग : रुंदीमुळे १ भागिले ६४, म्हणजे सुमारे ०.०१६, जाडीमुळे तेच ०.१६, एकूण सुमारे ०.१७६. गुणोत्तर आले २.३. पोटाला पाऊण तास लागत असेल तर हात वीस मिनिटांतच तयार. उरलेली पंचवीस मिनिटे तो नुसता वाळतो आहे.

आता तोच साचा अर्धाच भरू. जाडी अडीच सेंटिमीटर झाली. जाडीमुळे मिळणारा वेग चौपट होऊन ०.६४ झाला. हात : ०.८९. पोट : सुमारे ०.६५६. गुणोत्तर १.३६! साचा तोच, ओव्हन तोच, पण हात आणि पोट आता जवळजवळ बरोबरीने भाजले जातात. याचे कारण मुलांनी स्वतः सांगावे असे आहे. केक पातळ केला की बहुतेक उष्णता वरून-खालून येते, आणि वर-खाली तर सगळे भाग सारखेच. भिंतीचा प्रभाव साधारण केकच्या जाडीइतक्या अंतरापर्यंतच पोचतो. त्यापलीकडच्या केकला आपण चौकोनी भांड्यात आहोत की गोल, याचा पत्ताही नसतो.

हा हिशोब ढोबळ आहे, आणि वर्गात तसे सांगितलेच पाहिजे. त्यात वरचा पृष्ठभाग भांड्याच्या भिंतीसारखाच तापतो असे धरले आहे. प्रत्यक्षात वरून गरम हवा आणि प्रारण असते, खालून धातू. शिवाय केक भाजताना फुगतो, सच्छिद्र होतो, आणि त्यातले पाणी एका ठिकाणी वाफ होऊन दुसऱ्या ठिकाणी निवते. त्यामुळे २.३ हा आकडा कोरून ठेवण्यासारखा नाही. पण जाडी कमी केली की आकाराचा त्रास कमी होतो, हा निष्कर्ष टिकतो. अस्वलाच्या साच्यात केक करणाऱ्याला हाच हवा असतो, आणि जाडी वगळणाऱ्या प्रश्नाला तो देता येत नाही.

तापमानाविषयी मौन

चौथी उणीव तापमानाची. इडलीकडे पाहा. इडलीचा साचा कडेला पातळ आणि मधे जाड असतो, म्हणजे आकार असमानच. तरी कड करपते आणि मधे कच्चे राहते असे होत नाही. कारण वाफ १०० अंशाची. कड आधी शिजते आणि मधल्या भागाची वाट पाहत बसते, १०० च्या वर ती जाऊच शकत नाही. केकचा गाभाही साधारण ९५ ते ९८ अंशांना तयार होतो आणि त्यात पाणी आहे तोवर १०० ओलांडत नाही. पण ओव्हन असतो १८० अंशांना. आधी तयार झालेल्या कडेतले पाणी उडून गेले की तिचे तापमान चढू लागते. सुमारे १४० अंशांच्या पुढे साखर आणि प्रथिने यांच्यातील ती अभिक्रिया वेगाने होऊ लागते, जिचे वर्णन लुई कामीय मायार यांनी १९१२ साली केले. आधी खरपूसपणा, मग कडवटपणा.

म्हणजे असमान आकाराची शिक्षा किती मिळणार हे बाहेरचे तापमान ठरवते. मोठ्या किंवा वेड्यावाकड्या साच्यासाठी ओव्हन १८० ऐवजी १६० वर ठेवून जास्त वेळ भाजण्याची रीत आहे, ती यामुळेच. भांड्याचा धातूही इथे येतो. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंधरा पट सहजतेने वाहते, त्यामुळे जाड ॲल्युमिनियमच्या भिंती सगळीकडे जवळजवळ सारख्या तापतात. गडद रंगाचे भांडे प्रारण जास्त शोषते, चकचकीत भांडे ते परतवते. तरीही कोपऱ्याला दोन भिंती आहेत हे कोणताही धातू बदलू शकत नाही. अशी कारणांची चाळणी करायला लावणे, कोणते कारण कुठवर चालते हे पाहायला लावणे, हे खरे विज्ञानशिक्षण.

लादीपावाचे उत्तर

पाचवा आक्षेप आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रश्नात दोन उद्दिष्टे वेगवेगळी मांडली आहेत : ओव्हनमध्ये जास्त भांडी मावणे, आणि उष्णता सारखी वाटली जाणे. जणू पहिले फक्त भूमितीचे आणि दुसरे फक्त भांड्याच्या आकाराचे. पण भांडी दाटीवाटीने ठेवली की त्यांच्यामधून गरम हवा फिरत नाही, आणि समोरासमोरच्या भिंतींना ओव्हनच्या तापलेल्या भिंती दिसत नाहीत, त्या एकमेकींकडेच पाहत राहतात. चार चौकोनी भांडी अगदी चिकटवून ठेवली तर मधे जुळणाऱ्या चार कोपऱ्यांचे कोपरेपणच संपते. ज्या कोपऱ्यांसाठी एवढा खटाटोप केला ते निम्मेशिम्मे नाहीसे!

हे पटत नसेल त्याने पावाची लादी पाहावी. लादीतले पाव एकमेकांना खेटून भाजलेले असतात. वरची बाजू तांबूस, पण जिथे पाव पावाला चिकटलेला असतो तिथे तो पांढरा आणि मऊच राहतो. लादीच्या कडेचा पाव मात्र बाहेरच्या बाजूने भाजलेला असतो. चौकोनी आकार जागा वाचवतो आणि शेजारी लागून असला की स्वतःच्या बाजूही वाचवतो, हे मुंबई-गोव्याच्या बेकऱ्यांत रोज दिसते. दोन उद्दिष्टे अशी एकमेकांत गुंतलेली असताना ती सुटी मोजून त्यांची बेरीज करणे म्हणजे प्रश्नच चुकवणे होय.

त्या बेरजेबद्दलही एक शब्द. एकीकडे भांड्यांची संख्या, दुसरीकडे उष्णतेच्या समानतेचे एखादे माप. या दोन भिन्न जातींच्या राशी. त्या एका मापात आणल्याशिवाय त्यांना वजने देऊन बेरीज करता येत नाही, आणि कोणते माप घ्यायचे यावर उत्तर बदलते. वजन किती द्यायचे हे तर गणित सांगूच शकत नाही. बेकरीवाल्याला संख्या हवी असते, घरच्या माणसाला चव. आणि 'समान' म्हणजे चांगले हे तरी कुणी ठरवले? ब्राउनीचे कोपरे खाण्यासाठी भांडणारी मुले असतात. अमेरिकेत 'बेकर्स एज' नावाचे एक भांडे विकले जाते. त्यात आडव्या भिंती घालून नागमोडी वाट केलेली असते, ती एवढ्यासाठी की प्रत्येक वडीला निदान दोन कडा मिळाव्यात. स्पर्धेतल्या प्रश्नाने जो दोष मानला, तोच तिथे गुण म्हणून विकला जातो.

आक्षेपांवरचा आक्षेप

प्रश्नाच्या बाजूने एक उत्तर देता येईल. तो मुद्दामच मोकळा ठेवला आहे. जाडी, तापमान, धातू हे विद्यार्थ्यांनी स्वतः आणावे अशीच अपेक्षा असते. गृहीतके मांडणे हाच तर स्पर्धेचा भाग आहे. हे आम्हांला मान्य आहे. प्रश्नाने जे सांगितले नाही त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती जे सांगितले त्याबद्दल. कोपऱ्यांत उष्णता एकवटते, गोल कड जादा भाजत नाही, बाहेरच्या कडेवरची वाटणी मोजा : ही तीन वाक्ये विद्यार्थ्याला एका दिशेने ढकलतात. मोकळ्या मैदानात नेऊन सोडायचे आणि पायवाट मात्र आधीच आखून ठेवायची, असे ते झाले. आणि या प्रश्नात कुठेही केक भाजून पाहण्याचा उल्लेख नाही. चार दिवसांत चार केक सहज झाले असते.

वर्गात काय करता येईल

शाळेत ओव्हन नसतो, आणि तो नसला तरी अडत नाही. उष्णतेच्या वहनाचे समीकरण फूरिए यांनी १८२२ साली प्रसिद्ध केले, आणि द्रावणातल्या पदार्थाच्या विसरणालाही तेच रूप लागू पडते हे फिक यांनी १८५५ साली दाखवले. म्हणून उष्णतेऐवजी आम्ल आत शिरू द्यावे.

किराणा दुकानातले चायना ग्रास १०० मिलिलिटर पाण्याला साधारण दोन ग्रॅम या प्रमाणात उकळून विरघळवा. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब टाका, म्हणजे गुलाबी रंग येईल. एका ताटलीत सव्वा सेंटिमीटर जाडीचा थर ओता आणि दुसरीत त्याच्या निम्म्या जाडीचा. गोठल्यावर दोन्हींतून सारख्याच आकृत्या कापा : चौरस, वर्तुळ, कडे, आणि चार सेंटिमीटर पोटाचे, एक सेंटिमीटर रुंद हातांचे अस्वल. हे आपल्या हिशोबातल्या अस्वलाचे पाव मापाचे पिल्लूच आहे. आकृत्या प्लॅस्टिकच्या जाळीवर ठेवून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवा. आम्ल जिथे पोचेल तिथला गुलाबी रंग जाईल. उरलेला गुलाबी भाग म्हणजे आपला 'कच्चा' केक. हे पदार्थ खायचे नाहीत आणि हात धुवायचे, ही सूचना आधीच द्यावी.

मग एक आकृती काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून ठेवा, म्हणजे आम्ल फक्त कडांनी शिरेल. हा झाला स्पर्धेतल्या प्रश्नातला केक, जाडी नसलेला. त्यातल्या अस्वलाचे हात केव्हाच रंगहीन होतील आणि पोट बराच वेळ गुलाबी राहील. पातळ, मोकळ्या अस्वलाशी त्याची तुलना करा. आकृती तीच, फरक फक्त वरून-खालून वाट असण्या-नसण्याचा. आम्ल आणि आम्लारीची अभिक्रिया म्हणजे हुबेहूब उष्णतेचे वहन नव्हे, त्यामुळे गुणोत्तराचा आकडा जुळेलच असे नाही. तो किती जुळतो आणि का जुळत नाही, ही चर्चा प्रयोगाइतकीच मोलाची ठरेल.

आणि हे सारे झाल्यावर मुलांनाच तो मूळ प्रश्न नव्याने लिहायला सांगावा. आम्ही लिहिला असता तर असा : 'अस्वलाच्या आकाराच्या साच्यात केक केला, तेव्हा हात करपले आणि पोट कच्चे राहिले. साचा न बदलता काय काय बदलून पाहाल? प्रत्येक बदलाने काय होईल असे वाटते ते आधी लिहा, मग करून पाहा.' या प्रश्नात समीकरण नाही, स्पर्धा नाही, आणि उत्तर कुठे शोधायचे याची खूणही नाही. जाडी, तापमान, धातू, ओली पट्टी, मधे उभे केलेले नळकांडे, यांतले काय सुचते आणि का, ते मुलांवर सोडलेले आहे. वर्गागणिक उत्तरे वेगळी येतील, आणि त्यांतली काही आपल्याला आधी सुचलेली नसतील.